सात बांबू आणि एक निनावी पत्र

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आदरणीय आयुक्त मॅडम, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, सत्कारमूर्ती साहेब, त्यांना आजपासून ज्यांनी दिवसभर घरात सांभाळायचं आहे त्या आमच्या वहिनी, नाक्यावरचे सहकारी, हमाल आणि चालक बंधूंनो, सर्वांना नमस्कार.

साहेबांबद्दल चार शब्द बोलावेत, असं मला सांगण्यात आलं. चारात भागणार नाही. आणि जे बोलायचं आहे ते सत्काराला शोभेल की नाही, याचीही मला शंका आहे. पण शंका घेण्याचाच तर आपल्याला पगार मिळतो!

सीमेवरच्या जकात नाक्यावर माणूस पाच वर्षं टिकला की त्याला बाळाच्या पाळण्यातही चोरकप्पा दिसायला लागतो. मी बावीस वर्षं टिकलो आहे. साहेब छत्तीस. तरी त्यांची रीत वेगळी. ते आधी वस्तूला टिचकी मारायचे आणि कान लावायचे. टायर असो, पेटी असो, ट्रकचा दरवाजा असो. बाजारात मडकं घेणारी बाई वाजवून घेते ना, तसं. म्हणून आपण सगळे त्यांना मागून 'टिचकी साहेब' म्हणतो. वहिनी, हे तुम्हाला माहीत नसेल, तर आता झालं.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपारी एक बस येऊन थांबली. टपावर सहा मीटर लांबीचा पाइप दोरांनी करकचून बांधलेला, मागच्या टोकाला लाल फडकं. आत सात बांबू. खेळाचं नाव बांबूउडी, पण बांबू फायबरचे. विमानवाल्यांनी एवढी लांबी घ्यायला नकार दिला, म्हणून प्रशिक्षक आणि एक विशीतली खेळाडू मुलगी रस्त्याने निघालेली. पलीकडच्या शहरात दुसऱ्या दिवशी सकाळी स्पर्धा. आपलं क्ष-किरण यंत्र बॅगांसाठी. त्यात बांबूचं शेपूटही मावेना. लांब, पोकळ आणि दोन्ही तोंडांना चिकटवलेली बुचं. अध्यक्ष महोदया, तुम्हीच सांगा, तुम्ही काय समजला असता?

"आत काय आहे?" मी विचारलं.

"हवा," प्रशिक्षक म्हणाले.

बावीस वर्षांत इतकं संशयास्पद उत्तर मी ऐकलेलं नाही. मी ड्रिल मागवलं. म्हटलं, एकेक बारीक भोक पाडू, की झालं.

मुलगी पुढे आली. "काका, भोक पाडाल तर वाकताना बांबू तिथंच मोडेल. मी तेव्हा चार मीटर वर असते. पाय आभाळाकडे, डोकं खाली."

"मग तूच सांग, आत काय आहे?"

"सांगितलं की सरांनी. हवा."

एवढ्यात साहेब चहाचा कप हातात घेऊन आले. कप माझ्या हातात दिला, ड्रिल काढून घेतलं आणि टिचक्या सुरू. पहिला टण्. दुसरा टण्. तिसरा टण्. चौथा बद्द! मी मनात म्हटलं, सापडला! साहेबांनी तो पुन्हा वाजवला, इंच इंच सरकत, डोळे मिटून. उरलेले तीनही वाजवले. मग प्रशिक्षकांना खुणेने वजनकाट्यामागे नेलं.

मी खिडकीतून बघत होतो. प्रशिक्षकांनी कपाळाला हात लावला. मग साहेबांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. बराच वेळ धरला. साहेब परत आले आणि शिक्का उचलला. "सोड. सातही जाऊ देत."

"साहेब, चौथा?"

"चौथ्याचं मी बघितलंय."

काय बघितलंय? आणि हातातून हातात काय गेलं? त्या संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे देवापुढे दिवा लावला आणि त्याच उजेडात बसून वरिष्ठांना निनावी पत्र लिहिलं. होय. ते पत्र माझं होतं. जरा शांतता राखावी, अजून संपलेलं नाही.

चौथ्या दिवशी बस परत आली. नियम असा की गेलेलं सामान मोजून परत आलं पाहिजे, नाहीतर पलीकडे विकलं असं धरतात. मी मोजलं. गेले सात, आले आठ! सहा अखंड आणि चादरीत गुंडाळलेले दोन तुकडे.

प्रशिक्षक म्हणाले, "तुमच्या साहेबांनी सांगितलं होतं, हा आतून तडकलाय, पोरीच्या हातात देऊ नका. आणि मोडलाच तर तुकडे फेकू नका, कागदावर सात आहेत. हिच्या आवडीचा होता हो. मैदानाच्या कडेला नुसता दाबून पाहिला, तर काडीसारखा मोडला."

"आणि हिचा नंबर?"

"नववा," मुलगीच म्हणाली. "तो नव्हता, दुसऱ्या मऊ बांबूवर एवढंच जमलं." बोलताना ती मान चोळत होती, आणि मी त्या मानेकडे बघत राहिलो.

मी साहेबांना विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"तू तिच्यासमोरच चौकशी केली असतीस. दुसऱ्या दिवशी उडी मारायची होती तिला. भीती घेऊन कोण उडेल?"

म्हणजे हातात फक्त हात होता. मधलं सगळं मी भरलं होतं.

पण पत्र पोचलं होतं. चौकशी लागली आणि पाच महिने साहेबांना मागच्या गोदामात बसवलं. प्रशिक्षकांचा लेखी जबाब आला तेव्हा चौकशी मिटली. पहिलं पत्र लिहायला मला एक संध्याकाळ पुरली. ते खोटं होतं, हे सांगणारं दुसरं लिहायला सात वर्षांत सवड झाली नाही. दिवा मात्र रोज लावत होतो. गावच्या शाळेत आमचे गुरुजी म्हणायचे, देवापुढे हात जोडतोस तेव्हा हात कशाने बरबटलेत ते आधी बघ.

गोदामात मी एकदा त्यांना म्हटलं, "पत्र कुणी लिहिलं, शोधायचं का?" साहेब म्हणाले, "नको. मला त्याच्याबरोबर रोज चहा प्यायचाय." आणि माझा कप भरला.

साहेब, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं का? मान हलवू नका, मला आता कळूनही उपयोग नाही.

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, मी आभारी आहे. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर सभेने पोटात घालावं. पत्रातल्या उण्याअधिकाची माफी मात्र मी एकट्या साहेबांकडे मागतो. साहेब, निघण्याआधी या छातीवर एक टिचकी मारून जा. आवाज बद्द आला, तर वजनकाट्यामागे नेऊन सांगा.