सात खुंट्या

शारजातल्या अल नहदाच्या बसस्टॉपवर माझ्यापुढे एक काका-काकू उभे होते. काकूंच्या तोंडून "बंदूक" ऐकलं आणि मी इअरफोन कानातच ठेवून गाणं मात्र बंद केलं!

"धनंजय, उद्या दत्तक संस्थेच्या मॅडम आपलं घर बघायला येणार आणि भिंतीवर अजून एक बंदूक आहे."

"नाहीये. सातवीसुद्धा आज सकाळी नूरुद्दीनभाईंच्या अँटिकच्या दुकानात देऊन आलो."

"ती? पहिल्या पगारातून घेतलेली?"

"तीच. खलास!"

"रडलास ना?"

"छे! डोळ्यात वाळू गेली."

"एसी दुकानात?"

"शारजात वाळू कुठेही जाते, दर्शना."

"बरं, आता ते सात खिळे तेवढे उपट. घरी येणारी आपली पोरगी तीन वर्षांची आहे."

"उपटले की. खाली लाकडी खुंट्या लावल्या, तिच्या दप्तराला, फ्रॉकला. शेजारच्या दुआला उभं करून माप घेतलं, हात पोचायला हवा ना!"

"म्हणजे मॅडमना सात रिकाम्या खुंट्या दिसणार."

"सहा. एकीवर दुआने स्वतःची गुलाबी टोपी अडकवली. म्हणाली, 'अंकल, फॉर युअर बेबी.'"

काकूंनी ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं.

"दर्शना, रडतेस?"

"छे! वाळू गेली."