वारल्याचा फोन

(मुक्ताईनगरजवळचं एक गाव. भर दुपार. तोतारामनानांच्या घराची ओसरी.)

योगेंद्र : पाणी राहू द्या ताई. दुःखाच्या घरी आलोय मी, तुम्हाला कशाला उगाच त्रास?

भाविका : दुःखाच्या? अहो, घर चुकलात तुम्ही. आमच्याकडे लग्न आहे पुढच्या महिन्यात.

योगेंद्र : हे तोतारामनानांचंच घर ना? कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं हेच दाखवलं.

भाविका : घर हेच. नाना बागेत गेलेत. केळीची कटाई चाललीय, ट्रक उभा आहे. येतीलच एवढ्यात. पण तुम्ही कोण?

योगेंद्र : मी योगेंद्र. जळगावहून आलो, सांधेविकाराच्या संशोधन केंद्रातून. आमच्याकडे लताबाई होत्या ना, त्या नोकरी सोडून गेल्या. त्यांचं काम आता माझ्याकडे आहे. भाविकाचं कळलं तेव्हापासून एकदा येऊन जावं म्हणत होतो. पण नंतर नानांचा फोनच लागेना.

भाविका : भाविकाचं काय कळलं?

योगेंद्र : तुम्ही तिची बहीण का?

भाविका : काय कळलं ते सांगा आधी.

योगेंद्र : ती वारल्याचं.

भाविका : कोणी सांगितलं?

योगेंद्र : नानांनीच. फोन मीच घेतला होता. ताई, बसा बरं तुम्ही खाली. चेहरा कसा झालाय तुमचा.

भाविका : मीच भाविका.

योगेंद्र : कोण?

भाविका : मी भाविका. हे बघा हात. सांधे बघा बोटांचे. मघाशी दाराची कडी काढायला मला एवढा वेळ का लागला, वाटलं तुम्हाला? दर पंधरा दिवसांनी तुमच्याच केंद्रात येऊन बसत होते मी. लताबाई मला मूठ आवळायला लावायच्या. या घरात दुसरी भाविका नाही.

योगेंद्र : मला... मला पाणी द्या आता.

भाविका : त्या माठातून घ्या तुम्हीच. मला तांब्या उचलवत नाही.

योगेंद्र : पण मग तुम्ही इंजेक्शनला यायचं का सोडलं?

भाविका : मी सोडलं? नव्या औषधाचा अभ्यास बंद केलात तुम्ही! ऐन दिवाळीत. नानांनी सांगितलं, कंपनीनं गाशा गुंडाळला, आता कोणी येऊ नका म्हणाले. मी म्हटलं, निदान लताबाईंशी बोलते. तर नानांनी सिमच बदलून दिलं. म्हणाले, जुन्या नंबरावर फसवणुकीचे फोन येतात.

योगेंद्र : अभ्यास बंद नव्हता झाला ताई. थांबवावा लागला. तुमच्यामुळे.

भाविका : माझ्यामुळे कसा?

योगेंद्र : अहो, अभ्यासातलं माणूस दगावलं की ताबडतोब वर कळवावं लागतं. नाना म्हणाले, छातीत कळ आली आणि बसल्या जागी गेली. आता तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी अशी जाते म्हटल्यावर औषधाकडेच बोट जाणार ना! नवं औषध हृदयाला लागतंय का, हे ठरेपर्यंत सगळ्यांची इंजेक्शनं थांबवली. जळगावची थांबवली, दुसऱ्या गावांच्या केंद्रांची पण थांबवली.

भाविका : सगळ्यांची?

योगेंद्र : सगळ्यांची. आमच्या डॉक्टर सारिका मॅडम रोज तुमचे जुने रिपोर्ट घेऊन बसतात. आपल्या हातून काय निसटलं, म्हणून. धड जेवत नाहीत.

भाविका : आणि कमलबाई? धुळ्याच्या त्या? माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसायच्या. भाकरीला लावून लाल मिरचीचा ठेचा द्यायच्या मला.

योगेंद्र : आल्या होत्या त्या. इतक्या लांबून एसटीनं. औषध थांबलंय म्हणून परत पाठवावं लागलं. पुढच्या वेळी आल्या तर मुलाच्या आधारानं आल्या.

भाविका : शेवटचं भेटल्या तेव्हा डोकं पुढे करून स्वतः घातलेली वेणी मला दाखवत होत्या. ‘माय, मनी वेनी आज मीच घाली!’ किती हसत होत्या.

योगेंद्र : आता हात खांद्याच्या वर जात नाही त्यांचा.

भाविका : शी! काय केलं हे नानांनी?

योगेंद्र : आणखी एक सांगायला हवं. तुमच्या मृत्यूनंतर... म्हणजे तशी बातमी आल्यावर, तुमचा कोड उघडला. निम्म्या लोकांना खरं औषध होतं आणि निम्म्यांना नुसतं पाणी. कोणाला काय, ते ना तुम्हाला माहीत होतं ना मॅडमना. तुम्हाला खरं औषध होतं.

भाविका : माहीत होतं मला. सकाळी उठून चादरीची घडी घालायला लागले होते मी. पाण्यानं होतं का असं? मग आता उद्यापासून चालू करा.

योगेंद्र : कोड उघडला की त्या माणसाला परत अभ्यासात घेत नाहीत ताई. नियम आहे.

भाविका : पण मी मेलेले नाही ना!

योगेंद्र : हो. पण नियमात असं कोणी धरलेलंच नाही.

तोताराम : कोन आलं वं भाविका? ट्रकवाल्याचा मानूस हाये का?

भाविका : नाही नाना. दारावर आलेत हे. सांत्वनाला.

तोताराम : दारावर? कोन गेलं?

भाविका : मी.

योगेंद्र : नमस्कार नाना. मी योगेंद्र, जळगावचा. आपलं बोलणं झालं होतं फोनवर.

तोताराम : साहेब, तुम्ही काहून आले? मी सांगेल व्हतं ना तुमाले, घरात सुतक हाये, कोनी येऊ नका.

योगेंद्र : मृत्यूचा दाखला लागतो नाना. त्याशिवाय आमचा रिपोर्ट पुरा होत नाही.

तोताराम : दाखला मी कोठून आनू? पोरगी त उभी हाये.

योगेंद्र : तेच तर मी बघतोय.

भाविका : नाना, माझ्याकडे बघा. त्यांच्याकडे नको. मी कशानं मेले?

तोताराम : असं अभद्र नको बोलू माय.

भाविका : मी बोलले तर अभद्र? छातीत कळ कोणी काढली माझ्या?

तोताराम : काहीतरी सांगावं लागे ना. त्यायचे फोन थांबतच नव्हते. तुह्या साखरपुड्याच्या दिवशी भर पंगतीत त्या बाईचा फोन आला. पियुषचा मामा माह्या मांडीले मांडी लावून बसेल व्हता. फोनातून मोठ्यानं आवाज, ‘भाविकाच्या इंजेक्शनची तारीख हाये.’ मी म्हनलं, राँग नंबर. मामानं घास खाली ठेवला अन् माह्या तोंडाकडे पाह्यलं.

भाविका : म्हणून मला मारलंत.

तोताराम : मारलं काय म्हनतेस? एक शब्द बोललो फोनवर. अन् खोटी मरनाची बातमी उठली त मानसाचं आयुष्य वाढते, म्हनतात.

भाविका : आयुष्य वाढावं म्हणून केलंत हे, नाना? खरं बोला.

तोताराम : तुह्याचसाठी केलं ना मी? रावेरचे पाव्हने विसरली का तू? तुह्ये बोटं पाह्यले अन् चहा न पेता उठले. तुही माय तीन दिवस जेवली नही. मंग हे धुळ्याचं स्थय आलं. सरकारी नोकरी, पोरगा निर्व्यसनी...

भाविका : पियुषकडचे लोक आले तेव्हा माझी बोटं कशी होती?

तोताराम : चांगली व्हती.

भाविका : कशानं चांगली होती?

तोताराम : आता ते कशाले काढते?

भाविका : बोला ना. त्या इंजेक्शननं होती. त्यांच्यासमोर मी चहाचा ट्रे दोन्ही हातांत धरून आणला. ज्या सुईमुळे हे स्थळ जमलं, तीच बंद केलीत तुम्ही. वर मला सांगितलं, अभ्यास बंद पडला. आणि मेडिकलमधून त्या लाल गोळ्या आणून देत बसलात. दुखलं की एक घे, जास्त दुखलं की दोन घे.

तोताराम : मले वाटलं, लग्नापर्यंत निभून जाईन.

भाविका : आणि लग्नानंतर?

तोताराम : मंग तुमी दोघं पाहून घेतलं असतं. नवरा बायकोले टाकून देते काय लगेच?

भाविका : तुमच्या केळीसारखं! हिरवा माल कापायचा, ट्रकात चढवायचा. ट्रक फाट्यावरून वळला की पुढे तो पिको नाहीतर सडो, व्यापारी बघेल. मला ट्रकात भरत होतात तुम्ही.

योगेंद्र : ताई, मी जरा बाहेर थांबू का?

भाविका : नाही. बसा तुम्ही इथेच. तुम्ही नसाल तर हे माझ्यापुढे रडायला लागतील.

योगेंद्र : फोनवरही रडले होते ते.

भाविका : काय?

योगेंद्र : सांगावं की नाही, कळत नव्हतं. त्या दिवशी फोनवर त्यांना बोलवेना. हुंदके देत होते. म्हणून तर मी शंका घेतली नाही. एवढा मोठा माणूस असा रडतोय म्हटल्यावर, कसं काय विचारणार मी, की खरं आहे का?

भाविका : नाटक पण जमतं तुम्हाला, नाना?

तोताराम : नाटक नव्हतं ते. माह्या मायची आन. मी बागेत उभा व्हतो. ‘भाविका वारली’ असं तोंडातून निंघालं अन् मलेच कसंतरी झालं. तू खरंच गेली असं वाटलं. बांधावर बसून घेतलं मी. रडू आपोआपच आलं.

भाविका : आणि घरी येऊन काय केलंत?

तोताराम : काय केलं म्हनजे?

भाविका : मी होते ना घरात. जिवंत. बांधावर रडून घरी आलात, तेव्हा मला बघून काय केलंत?

तोताराम : जेवलो.

भाविका : हो. मीच वाढलं असेल. मेल्याचं सांगताना रडू फुटलं. आणि या थंडीत मी जिन्याच्या एकेका पायरीवर बसत बसत खाली यायचे, तेव्हा तुम्ही पेपर वाचत होतात. मी म्हटलं, नाना, गुडघा वाकत नाहीये हो. तर काय म्हणालात? थंडी हाये, शेक घे. सगळं माहीत असून म्हणालात!

तोताराम : चुकलं माह्यं.

भाविका : आईला माहीत आहे हे?

तोताराम : नही. तिले काहीच मालूम नही. तिलेही मी तेच सांगेल व्हतं, अभ्यास बंद झाला म्हनून.

भाविका : रोज रात्री माझे पाय चेपते ती. आज लग्नाची भांडी घ्यायला गेलीय मावशीबरोबर. पियुषच्या वडिलांना फोन लावा.

तोताराम : आता? कशाले?

भाविका : मी मेले हे सांगायला शब्द सुचले ना तुम्हाला? आता सांगा, जिवंत आहे. आणि आजारी आहे. आमवात आहे, चार वर्षांपासून आहे, औषध आयुष्यभर लागेल. सांगा.

तोताराम : भाविका, हात जोडतो तुले. पत्रिका वाटल्या. अर्ध्या जिल्ह्यात वाटल्या.

भाविका : हात नका जोडू. तुमचे हात चांगले आहेत, त्यांनी फोन लावा.

योगेंद्र : नाना, एक सांगू का? आमच्याकडे लग्न झालेल्या कितीतरी बायका येतात. पोरंबाळं आहेत, नोकऱ्या करतात. औषध वेळेवर सुरू राहिलं की चालतं सगळं. लपवून ठेवतात, त्यांचंच उशिरा कळतं आणि मग सांधे वाकडे होऊन बसतात.

भाविका : त्यांना पटवू नका दादा. त्यांना पटायची मला गरज नाही. लावा फोन.

तोताराम : ...हॅलो. अभिमनभाऊ का? राम राम. तोताराम बोलू राह्यलो. हो, हो, तब्येत पानी ठीक. नही, वऱ्हाडाच्या गाडीचं नही. दुसरं सांगायचं व्हतं... आमच्या भाविकाले... ते हातपाय...

भाविका : आमवात.

तोताराम : आमवात हाये तिले. हो, सांध्यांचा. चार वर्सं झाले. नही, पडली बिडली नही. आधीपासूनच हाये. तो साखरपुड्यात फोन आला व्हता ना, मामा शेजारी बसेल व्हते... तो राँग नंबर नव्हता. दवाखान्याचाच व्हता. हो. हो भाऊ. बरं. ठेवतो.

भाविका : काय म्हणाले?

तोताराम : म्हने, पियुषले विचारून सांगतो. म्हने, आजाराचं काही नही एवढं, पन तुमी हे आधी सांगायले पाह्यजे व्हतं.

भाविका : बरोबर म्हणाले.

तोताराम : मोडलं आता हे लग्न. तुह्याच तोंडानं मोडलं.

भाविका : तुमच्या तोंडानं सांगितलंत नाना. मी नुसती जिवंत राहिले. दादा, मला सांगा, कमलबाईंचं इंजेक्शन परत चालू व्हायला काय लागेल?

योगेंद्र : तुम्ही. म्हणजे तुम्ही स्वतः केंद्रात येऊन मॅडमसमोर उभं राहायचं. तपासणी होईल, रक्त घेतील. मग मॅडम वर कळवतील, मृत्यू झालाच नव्हता म्हणून. कमिटीला पटलं की थांबलेलं सुरू होईल सगळं.

भाविका : आणि माझं?

योगेंद्र : तुमचं नव्या औषधाचं मी खोटं नाही सांगत. अवघड आहे. पण आमवाताच्या जुन्या गोळ्या मॅडम आजच सुरू करतील. आणि नव्यासाठी त्या भांडतील, एवढं नक्की.

भाविका : आजच जाऊ या मग. चप्पल तेवढी सरळ करून द्या माझ्यासमोर. पाय सुजलेत, वाकता येत नाही.

तोताराम : मी देतो.

भाविका : यांना देऊ दे.

तोताराम : जळगावहून परत कवा येशील?

भाविका : माहीत नाही. आईला मीच फोन करून सांगेन. सगळं.

योगेंद्र : रिक्षा मिळते का हो इथून फाट्यापर्यंत?

तोताराम : ह्या टायमाले रिक्षा कोठची? मोटरसायकल हाये ना माही. साहेब पायी येतीन, अन् मी हिले सोडतो फाट्यावर. भाविका, ऊन किती हाये पाह्य. चालवेन का तुले एवढं? बस मागं.

भाविका : नको नाना. बसत बसत चालेन मी. मागे बसलं की तुमच्या खांद्याला धरावं लागतं.