उजवा बूट डॉक्टरांचा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमचे डॉक्टरसाहेब. सत्कारमूर्ती, चौकात चाळीस वर्षं चपला-बूट शिवणारे काका. उद्यापासून ते दुकान चालवणाऱ्या त्यांच्या कन्या. आणि आज चक्क वेळेवर आलेल्या बंधुभगिनींनो,

मी रिटायर्ड मास्तर, त्यामुळे थोडक्यात बोलेन ही आशा सोडा!

काकांच्या दुकानात कधी चिठ्ठी नव्हती, नंबर नव्हता. चामड्यावरच्या सुरकुत्या पाहून ते माणूस ओळखायचे. तोंडाकडे बघतच नसत. मी मिशी काढली तेव्हा घरात हलकल्लोळ झाला. काकांना पत्ताच नाही! आणि त्यांचा पण, म्हणजे प्रतिज्ञा, काय? "ज्या दिवशी एकाचा बूट दुसऱ्याला दिला, त्या दिवशी दुकानाला कुलूप."

दोन वर्षांपूर्वी मी घरी येऊन पाहतो, तर डावा बूट माझा, उजवा परका. डॉक्टरांकडे गेलो. अध्यक्षमहाराज, रागावू नका, पण आपण एक तपकिरी आणि एक जरा जास्त तपकिरी बूट घालून रोगी तपासत होतात. काकांची नजर गेली, हे दोघांनाही कळलं. डॉक्टर एवढंच म्हणाले, "मास्तर, कुठे बोलायचं नाही. दुकान बंद होईल."

पण गावात काय लपतं? दर रविवारी शिंप्याच्या पडद्यामागे अदलाबदल सुरू झाली. अर्धं गाव एका पायावर! सत्यावर व्याख्यानं देणाऱ्या आमच्या हेडबाई दोन नंबर मोठी चप्पल फरफटत काकांना म्हणाल्या, "अगदी माझीच हो!"

काका, आज कबूल करतो. आम्ही सगळे तुमच्याशी खोटं बोललो. माफ... काय म्हणता? जरा माइकवर सांगा ना.

ऐकलंत मंडळी? काका म्हणतात, "मास्तर, तुम्ही आत्ता पायऱ्या चढलात, तेव्हाच कळलं. उजवा पुन्हा डॉक्टरांचा आहे. डोळे गेले, कान शाबूत आहेत. तुमची अदलाबदल तर पहिल्या आठवड्यापासून माहीत होती. पण पोरीचा हात बसायला वेळ हवा होता. तुम्ही गप्प राहिलात, म्हणून मीही माझा पण गिळला."

घ्या! आम्हाला वाटत होतं, आम्हीच काकांना सांभाळतोय. काका, भरून आलंय मला. फार आनंद झालाय, दुसरं काही नाही.

ताई, उद्या पहिलं गिऱ्हाईक मी. आयोजकांचे, पडदा देणाऱ्या शिंप्याचे आभार. बोलताना कुणाला लागलं असेल तर पोटात घाला. आणि अध्यक्षमहाराज, मी आता बसतो. टेबलाखालून माझा उजवा बूट तेवढा इकडे सरकवा.