दोन्ही कुलपं

गुड्डी : आई, फोन कानाला लावू नकोस. व्हिडिओ आहे, मला नुसता तुझा कानच दिसतोय.

आक्काबाई : मग ऐकू कसं येईल वं? गलोंड्याच्या कापड कंपनीत लूम चालवून चालवून कान कामातून गेले.

सुकदेव : माझेबी. म्हणून तर आवाज फुल ठेवलाय. बोल बेटा.

गुड्डी : बाबा, फोन तुम्ही धरा. वर कोपऱ्यात हिरवी ढाल दिसते का?

सुकदेव : दिसली. कुलूपबी आहे तिच्यात.

गुड्डी : ते एन्क्रिप्शन. नवनाथनं ह्या मीटिंगला लावून दिलं. माझं बोलणं इथं नाशिकहून कुलूप लागून निघतं आणि सिल्वासात तुमच्याच फोनमध्ये उघडतं. मधे कुणाला ऐकू येत नाही. ज्यांचं ॲप आहे त्यांनासुद्धा नाही.

आक्काबाई : जावईबापूंनी एवढी खटपट कशाला केली? आपल्यात काय चोरीचं आहे?

गुड्डी : मागच्या वेळी मला दिवस गेले, तेव्हा तू मीटिंगची लिंक भावकीच्या ग्रुपवर टाकलीस.

आक्काबाई : आनंदाची गोष्ट होती वं. एकटीनं कशी ऐकायची?

गुड्डी : सगळी भावकी आली. आणि पुढं ते राहिलं नाही, तेव्हा त्या सगळ्यांचे फोन आले. प्रत्येकाला नव्यानं सांगत बसले मी.

सुकदेव : जाऊ दे बेटा.

आक्काबाई : ह्या वेळी लिंक कुणाला दिली नाही. तुझी शपथ.

गुड्डी : म्हणूनच आजची गोष्ट फक्त तुम्हा दोघांना सांगायची आहे. बाबा, त्या ढालीवर बोट दाबा. आकडे येतील, ते वाचा. माझ्याकडे तेच आले की समजायचं, मधे कुणी नाही.

आक्काबाई : मी वाचते. सात. तीन. शून्य. नऊ.

गुड्डी : हळू, आई.

आक्काबाई : हळूच बोलून राहिले. दोन. चार. चार. आठ.

गुड्डी : सात तीन शून्य नऊ, दोन चार चार आठ. माझेही हेच.

उषा (भिंतीपलीकडून) : जुळले वं आक्का. सगळे जुळले.

सुकदेव : उषा, तू कशाला मधे?

उषा : काका, मी आपली माझ्या घरात ठेचा करून राहिले. तुम्हीच मला सांगून राहिले.

गुड्डी : घ्या. नवनाथनं ॲपवाल्यांचे कान बंद केले, उषामावशीचे राहिले.

आक्काबाई : अहो, बाहेर जाऊन बोलायचं का?

सुकदेव : बाहेर आख्खी चाळ बसलीय. आज सुट्टी आहे.

आक्काबाई : थांब गुड्डे. लूमवर आम्ही कसं बोलतो? एवढ्या खडखडाटात कोण कुणाचं ऐकतं? तू डबा घेऊन यायचीस, तेव्हा दारातूनच हातानं सांगायचीस, आज डाळ आहे का भाजी. विसरली तर नाहीस?

गुड्डी : नाही विसरले. माईक बंद करा. मीही करते. फोन जरा लांब धरा, माझे हात दिसू देत.

(दोन्हीकडचा आवाज बंद. गुड्डी पोटावर हात ठेवते आणि हसते. आक्काबाई तोंडाला पदर लावते. मग चिमटीत हवेतला धागा धरून विचारते, तुटायची भीती तर नाही? गुड्डी नाही अशी मान हलवते आणि तोच धागा दोन हातांत ताठ ओढून दाखवते.)

उषा : आक्का, नेट गेलं का? एकदम गप झाले.

आक्काबाई : नाही वं. चालू आहे.

उषा : मग काका नाक का शिंकरून राहिले?

सुकदेव : तुझ्या ठेच्याचा ठसका लागला.

उषा : देते थोडा, थांबा.

सुकदेव : दे. भाकरीबी दे. गुड्डे, माईक चालू केला बघ. हातानंच बोलायचं होतं, तर जावईबापूंचं कुलूप फुकटच गेलं ना?

गुड्डी : असू दे, बाबा. ह्या वेळी दोन्ही असू देत.