शेठची बस

(आखाती देशातलं फिंतास. सुहासिनीच्या घरात इथल्या मराठी मंडळाच्या निवडणुकीची रिकामी पेटी. राजन शैलेशशेठचा निरोप घेऊन आलाय. शेठच्या कंपनीतला वेल्डर लवू शुऐबाच्या कामगार कॅम्पवरून आलाय, दाराशी उभाच आहे.)

राजन : ...म्हणजे शैलेशशेठ हॉल देतायत, जेवण देतायत, शुऐबाच्या कॅम्पवरून बस देतायत. वर त्यांच्या ऑफिसची पोरं स्वयंसेवक! मतपत्रिका वाटतील, मोजतील. तुम्ही नुसतं खुर्चीत बसायचं, सुहासिनीताई.

सुहासिनी : आणि अध्यक्षपदाला उभा कोण? शेठचा मेहुणा.

राजन : मेहुणा असणं गुन्हा आहे का?

सुहासिनी : मुळीच नाही. पण त्याची मतं शेठच्या पोरांनी मोजायची नाहीत. निवडणूक अधिकारी मी आहे.

राजन : आजवर सगळं बिनविरोध झालं, कुणाचं काय बिघडलं? मंडळाच्या तिजोरीत खडखडाट, आणि हा तोरा कशाच्या जिवावर?

सुहासिनी : लवू, उभे का? बसा. आणि सांगा यांना, मतपत्रिका वाटायला टेबलावर कोण बसणार आहे ते.

लवू : आमचो टाइमकीपर. ओव्हरटाइम कोणाक देवचो, कोणाचो कापूचो, ता तोच ठरयता. आता मताची चिठी पण तोच देतलो.

राजन : अरे, मतदान गुप्त असतं!

लवू : पेटी गुप्त, साहेब. टाइमकीपर समोरच बसलेलो असतलो मां?

सुहासिनी : ऐकलंत? हॉल नको, जेवण नको, पोरं तर नकोतच. मतदान इथे, माझ्या घरी.

राजन : आणि बस? बसशिवाय कॅम्पवाले येणार कसे? त्यांची मतं बुडाली तर पाप तुमच्या माथी.

सुहासिनी : तेवढंच मला खातंय. लवू, बस तेवढी घ्यावी का हो?

लवू : नको, ताई. दर शुक्रवारी हयच भजनाक येतंव, तेव्हा खंयच्या शेठची बस असता? चौघे मिळान टॅक्सी करतंव, पखवाज मांडयेर घेवन येतंव. मत देवक हात हलवत येवक काय जाता?

राजन : शेठ हे विसरणार नाहीत, लवू.

लवू : इसराक नकोच. रांगेत पयलो मीच आसतलंय. बघूक बरा पडात तेंका.

राजन : ताई, शेवटचं विचारतो. शेठना काय सांगू?

सुहासिनी : सभासद आहेत ना ते? यावं की. चपला दाराबाहेर काढाव्यात आणि लवूच्या मागे उभं राहावं.