डिस्क मामांनी आपटली नव्हती

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या सावेडीच्या महाविद्यालयाचे प्राचार्य घुले सर, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती, आपल्या प्रयोगशाळेचे परिचर भीमराज साळवे म्हणजे आपले मामा, त्यांच्या शेजारी शाल सावरत बसलेल्या विमलमामी, सहकारी बंधुभगिनींनो आणि दाराशी दाटीवाटीने उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांनो,

मी अश्विनी, कॉम्प्युटर शिकवते. मामांचं कौतुक करायला आज रांगच लागली आहे. पण तेवीस वर्षांत ज्यांच्या हातून काचेची एक नळी फुटली नाही, ते मामा एक डाग घेऊन निवृत्त होत आहेत. जामखेडला त्यांनी डिस्क आपटली, असा. तो डाग त्यांच्याबरोबर मिरजगावला, घरी जाऊ नये, एवढ्यासाठी मी उभी आहे.

गेल्या वर्षी, अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात, जामखेडच्या संमेलनात आपली मुलं रणगाड्यांचा खेळ मांडणार होती. सहा कॉम्प्युटर तिथलेच. त्यातला एक सर्व्हर, म्हणजे खेळ त्याच्यावर चालणार आणि बाकीचे पाच त्याला वायरने जोडलेले. खेळाची हार्ड डिस्क मात्र आपली. मामांनी ती टॉवेलात गुंडाळून टेम्पोतून मांडीवर नेली. तो रस्ता आपण जाणताच. मामा स्वतः आदळले, डिस्क आदळू दिली नाही.

तिथे सर्व्हर सुरू केला, तर पडद्यावर उत्तर आलं, मैदानाची फाइल सापडत नाही. हॉल गच्च भरलेला. सरांनी माईकवरून सांगून टाकलं, की मामांच्या हातून डिस्क आपटली. सर, रागावू नका, तुमच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

मामा माझ्या मागे उभं राहून सेटिंगची फाइल बघत राहिले. माझ्या प्रत्येक तासाला ते हजर असतात. कोण काय शिकतंय, हे शिकवणाऱ्याला तरी कुठे ठाऊक असतं? मी मैदानाचा पूर्ण पत्ता लिहिला होता: डी ड्राइव्ह, त्यात 'खेळ', त्यात 'मैदान'. जामखेडच्या कॉम्प्युटरात तीच डिस्क 'ई' ड्राइव्ह झाली होती, म्हणजे पत्ताच बदलला होता.

मामा हळूच म्हणाले, "म्याडम, तुमी सावेडीतला पत्ता लिवलाय. घर तर आपन टेम्पोत घालून आनलंय. हितनं आत कसं जायाचं, तेवढंच लिवा की."

मी आधीचं सगळं खोडून नुसतं 'मैदान' ठेवलं. तरी चालेना.

"तुमी अजून दारातच हुब्या हाय. आदी खेळाच्या खोलीत चला, मंग मैदान गावंल."

खरंच, मी बाहेरच्या फोल्डरमधूनच सर्व्हर सुरू करत होते. 'खेळ'मध्ये जाऊन सुरू केला आणि सहाही पडद्यांवर रणगाडे धावू लागले. मुलांनी शिट्ट्या मारल्या. एक शिट्टी सरांचीही होती, मी पाहिलं आहे.

त्या गलक्यात सगळ्यांना वाटलं, मामांनी सैल झालेलं काहीतरी घट्ट बसवलं. मी नवी होते, नोकरी कायम व्हायची होती, म्हणून गप्प बसले. परतताना मामांपाशी विषय काढला, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. माजं काय, वरीसभर ऱ्हायलंय."

आरोप माईकवरून झाला होता, म्हणून खुलासाही माईकवरूनच करते. डिस्क कुणीही आपटली नव्हती. पत्ता मी चुकीचा लिहिला होता आणि तो मामांनी दुरुस्त केला.

बोलायची संधी दिलीत, आपणा सर्वांची आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर सभागृहाची क्षमा मी रीतीप्रमाणे मागते. मामा, तुमची मात्र रीत म्हणून मागत नाही.