दुपारी चार लिहिलं

हॅलो?… हां, बोल गं. नाही, झोपलेत बाबा. दुपारची गोळी घेतली की संध्याकाळपर्यंत गुंगीतच असतात, तुला माहितीये ना.

हो, हो… आला बाबांच्या तपासणीचा निकाल. आत्ताच आला… अगं ऐक ना, सांगते! 'कुठं राहायचं हे त्यांना स्वतः ठरवता येत नाही', असं लिहिलंय. म्हणजे आता आपण ठरवायचं. म्हणजे वृद्धाश्रम. पुढच्या सोमवारी.

…सुटले? हो, सुटले बाई. तीन वर्षं काढलीत मी. गॅस उघडा, नळ उघडा, दार सताड उघडं… तू धाकटी, तू लांब. बोलायला तुझं काय जातंय?

नाही गं, रडत कुठंय. सर्दी झालीय.

…काय? नवा कायदा? हो, तपासणीला आलेल्या बाईंनी समजावलं की सगळं. एकदा 'डोकं चालत नाही' असा शिक्का मारला की संपलं, असं नाही आता. प्रत्येक निर्णयाचं वेगळं बघतात. आणि माणसाचं डोकं ज्या वेळी सगळ्यात चांगलं चालतं, त्याच वेळी येऊन विचारतात. म्हणून तर आधी घरच्यांकडून फॉर्म भरून घेतात. कुठली वेळ बरी, म्हणून.

…मी?

…मी दुपारी चार लिहिलं.

हॅलो?… ओरडू नकोस. माहितीये मला! सकाळी सातला ते अख्खं शब्दकोडं सोडवतात, घड्याळात एवढेएवढेसे स्क्रू बसवतात, माहितीये! आणि चारला त्या बाईंनी विचारलं, कुठं राहायला आवडेल, तर म्हणाले, 'दुकान बंद झालंय, उद्या या.' घड्याळदुरुस्तीचं दुकान विकून बारा वर्षं झाली गं… आणि मी शेजारी बसून चहा ढवळत होते.

नाही, चुकून नाही. घाईतही नाही. पेन हातात धरून चांगली दहा मिनिटं बसले होते मी.

…अगं, तेच तर सांगतेय. त्यांना आठवतच नाही त्या बाई येऊन गेल्याचं. रोज सकाळी दाढी करताना विचारतात, 'त्या बाई कधी येणार गं? मी पाठ करून ठेवलंय.' आणि म्हणून दाखवतात. 'मला माझ्या घरीच राहायचंय. माझी हत्यारं इथं आहेत.' रोज! आज तर फेस तसाच गालाला… 'नीट जमतंय ना?' म्हणे.

…काय सांगणार? म्हटलं, छान जमतंय.

भीती वाटते गं मला. पहाटेपासून कान त्या न्हाणीघराकडे लागलेले असतात.

…थांब, अजून एक आहे. शेवटचं पान. निकाल पटला नाही तर बाबांच्या वतीनं फेरतपासणी कोणी मागायची, तो माणूस त्यांनीच निवडायचा असतो. तेवढंच एक उत्तर धड दिलंय त्यांनी त्या दुपारी. बाईंनी त्यांच्याच शब्दांत उतरवलंय. वाचते…

'थोरली. ती माझी बाजू सोडायची नाही.'

…नाही, तुझी सही नाही चालत. माझीच लागते. शुक्रवारपर्यंत.

…माहीत नाही गं.

…माहीत नाही म्हणते ना! ठेव आता.